तिरळा दरबार

दिल्लीच्या सुलतान बलबनाने आपल्या दरबारात हसायला बंदी घातली होती. स्वतःही तो चारचौघांत कधी हसला नाही म्हणे. अशा माणसाचा डावा डोळा नाकाकडे आणि उजवा खिडकीकडे बसवला, तर त्याच्यासमोर न हसता उभं राहणं किती अवघड जातं हे आमच्या कारखान्यात येऊन बघावं. मी तर त्याची मिशी चिकटवत होते. हात हलला की मिशी वाकडी बसते, आणि हात हलायचं कारण माझ्या नाकासमोरच होतं.

"झाली का मिशी?" मागून माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"झाली, बाबा."

"आणि डोळे कसे बसलेत?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझे थोरले दीर पुढे सरसावले. "वा! बाबा, वा! काय जरब आहे नजरेत! बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल."

काटा येईल हे खरंच होतं. बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि हात पुसायचं फडकं चाचपडायला लागले. फडकं त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर खिळ्याला टांगलेलं होतं. माझ्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, ते काढून त्यांच्या हातात दिलं. हे आपण पाहिलंच नाही, असं आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं.

आम्ही पुतळे करतो. चौकातले घोड्यावरचे नव्हेत. प्रदर्शनाच्या दालनात उभे असतात ते. माणसाच्या उंचीचे, खरे कपडे घातलेले, खरे केस लावलेले. लोक त्यांच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात तसले. या खेपेला एका नव्या दालनाने मध्ययुगातल्या राजांची आख्खी रांग मागितली होती. चोळ, यादव, गुलाम घराणं, खिलजी, तुघलक, बहमनी, मोगल. एवढं मोठं काम आमच्याकडे पूर्वी कधी आलं नव्हतं.

कामाची वाटणी जुनीच. चेहरे ताई घडवतात. धडं माझा नवरा ओततो. कपडे, केस, दाढ्या-मिशा माझ्याकडे. भाऊजी, म्हणजे थोरले दीर, व्यवहार बघतात. म्हणजे फोनवर बोलतात. आणि डोळे बाबा बसवतात.

धडाचा साचा एकच आहे, आणि तो ह्यांच्याच अंगावरून घेतलेला, लग्नाआधीचा. आज ह्यांचं पोट ह्यांच्या आधी दारातून आत येतं, पण साच्याला त्याची खबर नाही. त्यामुळे आमच्याकडचे राजे चोळ असोत की खिलजी, सगळे कमरेत बारीक आणि डाव्या खांद्याने जरा उतरते. घराणी बदलतात, धड तेच. मी एकदा ह्यांना म्हटलंही, "दिल्लीच्या तख्तावर तुमच्याइतक्या वेळा कोणी बसलं नसेल." तर हे म्हणाले, "आणि घरात बसायला एक खुर्ची मिळत नाही."

कपडे माझ्याकडे असल्यामुळे मला इतिहास वाचावा लागला. शाळेत आमचा इतिहास गुलाम घराण्याच्या दारापर्यंत पोचला आणि माझी शाळा सुटली. पुढचा मी शिलाई मशीनवर पुस्तक उघडं ठेवून वाचला. कोणाचा अंगरखा किती लांब, कोणाचा फेटा कसा, एवढंच बघायला बसले होते. वाचत गेले आणि डोकं तापत गेलं. काय एकेक माणसं! अल्लाउद्दीन खिलजी. चुलता तोच सासरा. तो म्हातारा पुतण्याला पोटाशी धरायला नावेतून उतरला, आणि पुतण्याने तिथेच त्याचा काटा काढला. मग गादीवर बसून बाजारात कोणी मापात मारतंय का यावर ह्याचा करडा डोळा! गियासुद्दीन तुघलक लढाई जिंकून आला, मुलाने, मुहम्मदने, स्वागताला लाकडी मंडप उभारला, तो मंडपच बापाच्या डोक्यावर कोसळला. सुतार कोण होता ते पुस्तकात नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी गादीवर. त्या मुलाने पुढे राजधानीच उचलून देवगिरीला नेली आणि परत आणली. आमच्याकडे एक कपाट भिंतीपासून हलवायचं तर घरात दोन दिवस बोलाचाली बंद असते. देवगिरीच्या रामदेवरायाची तर कमालच. किल्ल्याला वेढा पडला, कोठारातली पोती फोडली, तर धान्याऐवजी मीठ निघालं म्हणतात. घरातल्या एका तरी बाईला कोणी आधी विचारलं असतं का, की बाई गं, या पोत्यांत काय आहे?

राज्यं करत होते कसली, भाऊबंदकी करत होते! पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात जायची तर तिथेही तीच भाऊबंदकी. फरक एवढाच, की आमच्याकडे हत्ती नव्हते.

डोळ्यांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

आमच्या कारखान्यात डोळे चेहरा पुरा झाल्यावरच बसतात. पुतळ्याचं डोकं आतून पोकळ असतं. कवटीचा वरचा भाग, म्हणजे टोपी, काढायची, आत हात घालून काचेचे डोळे मऊ मेणात बसवायचे आणि समोरून बघत बघत फिरवायचे, नजर जुळेपर्यंत. दुसऱ्या एका माणसाने पुतळ्याचे कान दोन्ही हातांनी धरून डोकं स्थिर ठेवायचं. डोळे बसेपर्यंत पुतळ्याला आम्ही ठोकळा म्हणतो. "तो ठोकळा इकडे सरकव," "त्या ठोकळ्याचा फेटा आण." डोळे बसले की त्याच क्षणापासून अहो-जाहो. मग त्याच्या खांद्यावर फडकं टाकायचं नाही, त्याच्यासमोर भांडायचं नाही. ही बाबांच्या वडिलांपासूनची रीत. आणि दुसरी रीत अशी, की डोळे बसवायचे ते फक्त कारखान्याच्या मालकाने. ज्याच्या हातात डोळे, त्याचा कारखाना. कागदबिगद काही नाही. बाबांच्या वडिलांनी एका सकाळी स्वतः पुतळ्याचे कान धरले आणि बाबांना म्हणाले, "बसव." झालं. वारसाहक्काची एवढी सोपी पद्धत त्या सुलतानांना सुचली असती तर कितीतरी मुडदे वाचले असते. त्यांच्याकडे गादी मिळवायला भावाचे डोळे काढायचे. हुमायूनने नाही का काढले कामरानचे.

बाबांनी वारस सांगितला नव्हता असं नाही. गेल्या वर्षी चहा पिताना, सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "माझ्यामागे डोळे हिने बसवायचे." आणि ताईंच्या डोक्यावर टपली मारली होती. भाऊजी तेव्हा "हो तर, हो तर" म्हणाले. चार दिवसांनी मला म्हणाले, "बाबांना त्या दिवशी कणकण होती. तापात माणूस काहीही बोलतो."

मला सुलतान अल्तमश आठवला. त्यानेही सांगितलं होतं, की माझ्या मुलांत एकही राज्य करायच्या लायकीचा नाही, माझ्यामागे मुलगी रझिया. तो गेल्यावर सरदारांनी पहिलं काम काय केलं, तर मुलाला गादीवर बसवलं. तो रुक्नुद्दीन पिऊन हत्तीवर बसायचा आणि रस्त्यात सोनं उधळत फिरायचा. पण मुलगा होता ना! बास. बापाला ताप होता, असं त्या सरदारांनीही नक्कीच म्हटलं असणार.

दालनाचा मॅनेजर आला तो सोमवारी. अंगाला घट्ट बसणारा कोट, हातात मोजपट्टी. रांगेसमोरून एकदा गेला, परत आला, मग मध्येच थबकला.

"हे सगळे... कुठे बघतायत?"

अल्लाउद्दीन स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत होता. मुहम्मद तुघलकाचा एक डोळा उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्याच्या बाबतीत ते एका परीने बरोबरच होतं म्हणा. राजेंद्र चोळाने गंगेचं पाणी घड्यांत भरून आपल्या राज्यात नेलं होतं. तो आता ते घडे कुठे ठेवले ते आठवत असल्यासारखा छताकडे बघत होता. सगळा दरबार तिरळा.

नशिबाने बाबा दवाखान्यात गेले होते. गुडघ्यासाठी. डोळ्यांचं नाव काढलं की ते उठून जात. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगून वर्ष होत आलं होतं. "माझ्या डोळ्यांत कोणी सुई घालायची नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि त्याला कारण मी! मी काम करताना कामरानची हकीगत मोठ्याने वाचून दाखवली होती, तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय, असं भाऊजींचं म्हणणं. घ्या! मोतीबिंदूही माझ्याच माथी.

"हे असं चालणार नाही," मॅनेजर म्हणाला. "शनिवारी पुतळे उचलायचेत. नजरा सरळ झाल्या नाहीत तर काम दुसरीकडे देईन. आणि हा ठोकळा कोण?"

कोपऱ्यात ताई रझियाच्या चेहऱ्यावर काम करत होत्या.

"सुलताना रझिया," मी म्हटलं.

"ती होय. ती जागा उरली तर. बाहेर जायच्या दारापाशी बघू. तिथे आग विझवायचं नळकांडं आहे, ते जरा सरकवावं लागेल. तशी तीन-साडेतीन वर्षंच तर होती गादीवर."

"हुमायूनला पंधरा वर्षं देशाबाहेर भटकावं लागलं," मी म्हटलं, "आणि शेवटी आपल्याच ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. त्याला तुम्ही मधोमध, दिव्याखाली उभं केलंय."

"तू जरा चहा टाकतेस का?" भाऊजी मला म्हणाले.

मी चहा टाकला नाही. दाराआड उभी राहिले.

मॅनेजर गेल्यावर भाऊजींनी दरबार भरवला. बाबांच्या स्टुलावर बसूनच. "हे बघा, बाबांना यातलं काही कळता कामा नये. उद्यापासून डोळे मी बसवणार. बाबांना सांगायचं, त्यांनी बसवलेत तेच आहेत. आणि त्या रझियाच्या पापण्या खाली घ्या. मिटल्यासारख्याच. डोळे बसवायची भानगडच नको. वेळ वाचेल, आणि बाईमाणसाला शोभूनही दिसेल."

"तुम्ही आयुष्यात एक तरी डोळा बसवलाय का, भाऊजी?" मी विचारलं.

"त्यात काय एवढं? दोन गोट्या तर आहेत."

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. ते एका धडाच्या पोटावरचा फुगवटा घासून काढत होते. फार मन लावून.

"तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"दादा मोठा आहे," हे म्हणाले.

हुमायूनसुद्धा असाच. भावांना मुलूख वाटून दिले, आणि अंगावर संकट आलं तेव्हा त्याच भावांनी पाठ फिरवली. माझ्या घरात धडं एकाच साच्यातली आहेत हे ठाऊक होतं. कणाही साच्यातूनच येतो हे त्या दिवशी कळलं.

ताईंनी हातातली कोरणी धुतली, पुसली. मग हळू म्हणाल्या, "दुसऱ्या गावच्या कारखान्याने मला कधीपासून बोलावलंय. एवढा चेहरा पुरा करते आणि मी निघते."

"अगं, असं काय करतेस लगेच," भाऊजी म्हणाले, पण फोन वाजला आणि ते उठून बाहेर गेले.

मला इतका राग आला, की मी हातातला फेटा उलटा गुंडाळला. जन्मभर या बाईने या कारखान्यातल्या प्रत्येक राजाला तोंड दिलं. बलबनाच्या कपाळावरची आठी त्यांची, रामदेवरायाच्या गालातला खड्डा त्यांचा. आणि शेवटी त्यांनी एका खाली मान घातलेल्या बाईचा चेहरा घडवायचा आणि मागच्या दाराने चालू लागायचं? गुलामांचंसुद्धा घराणं झालं, मुलींचं कधी होणारच नाही का?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पडून होते, भाऊजी बाहेर बोलत होते. मी रझियाचे कपडे घेऊन आत गेले. लाल. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने रंगीत कपडे घालून यावं, म्हणजे राजाला तो गर्दीत लांबूनही दिसेल, असा तिच्या बापाने नियम केला होता म्हणे. आणि गादी मागायला ती स्वतः लाल कपड्यांत लोकांसमोर आली. भाऊजींनी फिकट गुलाबी सांगितला होता. गुलाबी रंगात कोणी गादी मागतं का?

ताईंनी चेहरा पुरा केला होता. मी बघितलं आणि बघतच राहिले. पापण्या उघड्या होत्या. चांगल्या सताड.

"खाली नाही घेतल्या?"

"ती खाली बघणार नाही," ताई म्हणाल्या. कपाटातला खोका उघडून त्यांनी दोन डोळे काढले. गडद तपकिरी. "तू कान धरतेस का?"

"मी?"

"मग काय बलबनाला बोलावू?"

मी कान धरले. रीत मोडत होतो आम्ही, आणि तीही दिवसाढवळ्या. ताईंनी वरची टोपी उतरवली, आत हात घातला. एक डोळा बसला, दुसरा बसला. त्या मागे सरकत, बघत, पुन्हा हात घालत. केसभर डावीकडे. अजून किंचित. आणि एकदम त्या ठोकळ्यातून कोणीतरी माझ्याकडे बघितलं. मी कान सोडले.

"नमस्कार, बाई," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"निघेन मी आता," ताई म्हणाल्या. "पाहायचं होतं एकदा, मला जमतं का."

त्या हात धुवायला गेल्या आणि मी तिथेच विचार करत उभी राहिले. बाबांना सांगायचं कोणी? सांगितलं तरी ऐकतील का? त्यांच्या तोंडावर "तुम्हाला दिसत नाही" म्हणायची छाती कोणाची? बलबनासमोर हसणं सोपं. मग मला वाटलं, आपण त्यांच्या डोळ्यांशी बोलायलाच नको. त्यांची बोटं काय आंधळी आहेत?

बाबा उठल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, या दाढ्या नीट चिकटल्यात की नाही, मला काही समजत नाहीये. जरा हात लावून बघता का?"

"गोंद पातळ केलास की काय?"

"तेच तर बघा ना."

आले. रामदेवरायाची दाढी ओढून पाहिली. "घट्ट आहे." मग बलबनापाशी आले. मिशीवरून अंगठा फिरवला, गालावरून वर नेला. काचेच्या डोळ्याला बुबुळापाशी बारीक उंचवटा असतो, बोटाला तो लागतो. त्यांचं बोट तिथे गेलं आणि थांबलं. मग दुसऱ्या डोळ्यावर गेलं. मग पुन्हा पहिल्यावर.

"हे काय?"

माझे हे दारात उभे होते. ताई हात पुसत होत्या. भाऊजी फोन कानाला लावूनच आत आले होते.

"मी विचारतोय, हा कुठे बघतोय?"

"समोर, बाबा," भाऊजी म्हणाले. "अगदी समोर."

"समोर? याचा डावा डोळा नाकात शिरलाय!"

बाबा पुढे झाले. अल्लाउद्दीन. तुघलक. चोळ. एकेका चेहऱ्यावर त्यांची बोटं जात होती आणि दर वेळी त्यांचे खांदे थोडे खाली येत होते. मला वाटलं, आपण हे काय केलं. आंधळ्या कोशिंबिरीत लहान मूल एकेकाला चाचपतं आणि कोणीच सापडत नाही, तसं दिसत होतं ते. शेवटी ते कोपऱ्यात रझियापाशी पोचले. तिच्या पापण्यांवर त्यांचे दोन्ही अंगठे बराच वेळ होते.

"हिची नजर कोणी बसवली?"

भाऊजींनी फोन खिशात टाकला. "आम्ही बसवली, बाबा."

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आम्ही म्हणजे कोण कोण, भाऊजी? तख्तावर बसलात की काय, की एकटे असून 'आम्ही' म्हणताय?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलणार! भाऊजींनी पापण्या मिटायला सांगितलं होतं, बाबा. डोळेच नकोत, बाईमाणसाला शोभत नाहीत म्हणाले. ताईंनी बसवले. कान मी धरले होते. आणि ताई आता हे घर सोडून निघाल्यात. तुम्ही सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलंत, आणि भाऊजी म्हणतात तुम्हाला ताप होता!"

बाबांनी रझियाच्या चेहऱ्यावरचे हात काढले. मग म्हणाले, "इतके दिवस तुम्ही सगळे माझ्यासमोर 'वा, वा' करत होतात?"

आता कोणाच्याच तोंडून 'वा' निघेना.

"एकाला बोलता आलं नाही? मी काय बलबन आहे का?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "बलबनाकडे निदान खरी बातमी देणारे हेर होते."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. राग होता, पण त्याच्याखाली आणखी काही होतं. ते वळले आणि चाचपडत बलबनापर्यंत परत आले. त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी त्याचे कान धरले.

"याची टोपी काढ," ते म्हणाले. "आणि बसव."

नाव घेतलं नव्हतं. भाऊजी एक पाऊल पुढे आले.

"तू नाही. तू त्या मॅनेजरला फोन कर. सांग, शनिवारी पुतळे तयार असतील. फोन तुला चांगला जमतो."

ताई जागच्या हलेनात. मी त्यांच्या पाठीला हात लावला आणि जरा ढकललं. त्यांनी टोपी काढली, आत हात घातला. "मेण घट्ट झालंय, बाबा."

तेव्हा माझ्या नवऱ्याने, इतिहासात पहिल्यांदाच, एक बाजू घेतली. गरम हवेचं मशीन उचललं, वायर सोडवली आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मशीन सुरू केलं.

बाबांनी जन्मात कोणासाठी कान धरले नव्हते. "हलतंय का?" ते सारखं विचारत होते. "हलतंय का गं?" आणि ताई म्हणत होत्या, "नाही, बाबा. छान धरलंय तुम्ही." हलत होतं. ताईंनी निभावून नेलं.

तसेच बाकी सगळ्यांचे डोळे ताईंनी नव्याने बसवले आणि शनिवारी पुतळे गेले. मॅनेजरने रझियाला ठरवल्याप्रमाणे दालनाच्या अगदी टोकाला, बाहेर जायच्या दारापाशी उभं केलं. नळकांडं हातभर सरकवलं, जास्त नाही. मी भांडले. एवढं भांडले, की त्याने कोटाचं वरचं बटण काढलं. काही उपयोग झाला नाही. रुक्नुद्दीनचा पुतळा कोणी मागितला नव्हता एवढंच काय ते समाधान. ताई मात्र शांत होत्या. "राहू दे," म्हणाल्या. "तिकडेच हवीय मला ती."

पडदे काढले तेव्हा कळलं. दोन्ही भिंतींना ओळीने उभे असलेले सगळे राजे, चोळ, यादव, खिलजी, तुघलक, थेट हुमायूनपर्यंत, सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळलेल्या. किंचितच. माना सरळ, पण डोळे दालनाच्या टोकाकडे. आणि टोकाला लाल कपड्यांत ती, एकटीच, समोरासमोर त्या सगळ्यांकडे बघत उभी.

मॅनेजर खूश झाला. लोक राजांच्या नजरेमागे नजर लावून चालत राहतात, मध्ये गर्दी तुंबत नाही, म्हणाला. भाऊजी आता सगळ्यांना सांगतात, कल्पना आमची. सांगू देत. त्यांना मी कारखान्यात एक मोठी, हात असलेली खुर्ची दिलीय फोनवर बोलायला. तिला आम्ही तख्तच म्हणतो. डोळ्यांचा खोका ताईंच्या कपाटात असतो, आणि लाल कापड उरलं होतं त्याचा मी त्यांना कामाचा डगला शिवला.

बाबांनी मोतीबिंदू काढून घेतला. कामरानची हकीगत मी महिनाभर बंद ठेवली आणि गंगेच्या घड्यांची वाचली, तेव्हा कुठे तयार झाले. पट्टी निघाल्यावर म्हणाले, आधी दालन. आम्ही सगळे गेलो. ते ताईंच्या दंडाला धरून एकेका राजासमोर थांबत चालले. आधाराची गरज नव्हती आता, तरी धरून होते. टोकाला रझियापाशी पोचले, वळले आणि तिच्या बाजूने आख्ख्या दरबाराकडे बघत उभे राहिले. सगळा दरबार त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी ताईंच्या डोक्यावर टपली मारली, तशीच, चहा पिताना मारली होती तशी. मी डोळे पुसायला पदर घेतला.

तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं.

"त्या बलबनाची मिशी वाकडी आहे. कोणी लावली?"

घ्या! एवढं सगळं करून शेवटी डोळे उघडले आणि पहिली चूक सापडली ती माझी! मी तावातावाने पुढे होऊन बघितलं. वाकडीच होती. उजवीकडून चांगली वर गेलेली, त्यामुळे जन्मात न हसलेला तो माणूस एका बाजूने हसतोय असं वाटत होतं.

"राहू द्या, बाबा," ताई म्हणाल्या. "चांगला दिसतोय."